शुक्राणू शून्य, बाकीचे सगळे रिपोर्ट नॉर्मल: यवतमाळकडच्या एका जोडप्याची केस

केस अशी आहे. नवरा ३३ वर्षांचा, बायको २८ची, लग्नाला सात वर्षं झालेली. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कोरडवाहू जमीन, कपाशी-तूर-सोयाबीन. ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात, पण तपासण्यांचा क्रम आणि जिथे जिथे वेळ गेला ते तसंच ठेवलंय कारण तेच सांगायचंय. माझं काम वंध्यत्वाच्या पेशंटांचं समुपदेशन, म्हणजे डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात आणि मग त्या रिपोर्टचं घरात काय करायचं हा प्रश्न घेऊन माणसं माझ्यासमोर बसतात.

पहिली पाच वर्षं सगळ्या तपासण्या तिच्या झाल्या. सोनोग्राफी, थायरॉइड, नळ्यांचा एक्स-रे, मग दुर्बिणीतून तपासणी, बीज फुटायच्या गोळ्या, त्या मधे मधे बंद आणि परत चालू, शिवाय गावठी औषध, उपास, नवस हे वेगळंच. सगळं नॉर्मल येत होतं आणि तरी दर महिन्याला दोष तिचाच. सासूबाई म्हणायच्या, "तिच्या पोटातच काई तरी हाय, आमच्या घराण्यात असं कोनाले झालं नाही जी." ह्या पाच वर्षांत एकाही ठिकाणी नवऱ्याची वीर्य तपासणी कोणी लिहून दिली नाही. धडधाकट माणूस, शेतात राबतो, संबंधात काही अडचण नाही, मग त्याच्यात काय असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. मला ह्याचा फार राग येतो आणि तो मी लपवणार नाही. काहीशे रुपयांची तपासणी, सुई नाही की भूल नाही, आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत असतंच, तरी दुर्बीण आधी तिच्या पोटात जाते.

शेवटी गावातल्या आशाताईंनी त्याला बाजूला घेऊन समजावलं तेव्हा तो तयार झाला. पहिला रिपोर्ट, शुक्राणू शून्य. त्याला वाटलं लॅबवाल्यानं डब्बी बदलली. काही आठवड्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये परत दिलं, नमुना मशीनमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तिथेही एकही नाही. हे दोनदा करणं आणि गाळ बघणं महत्त्वाचं, कारण काही पुरुषांत अगदी मोजके शुक्राणू असतात आणि ते फक्त गाळातच सापडतात, आणि त्या मोजक्यांवरही इक्सी, म्हणजे एक शुक्राणू सुईनं थेट अंड्यात सोडणं, होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मॅन्युअलप्रमाणे संदर्भाची खालची मर्यादा एका मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू अशी आहे, आणि इथे थेट शून्य. ह्याला अझूस्पर्मिया म्हणतात आणि हा काही लाखातला एखादा आजार नाही, साधारण शंभरात एका पुरुषाला असतो, म्हणजे तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी जेवढी पुरुषमंडळी जमतात त्यात असे कितीतरी फिरत असतील आणि त्यांनाही माहीत नसेल.

आता इथून केस अवघड होते. वीर्याचं प्रमाण नॉर्मल, त्यात साखर म्हणजे फ्रुक्टोज आहे, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, एफएसएच नॉर्मल, दोन्ही गोट्यांचा आकार नॉर्मल. सहसा वृषणात शुक्राणू बनायचंच थांबलं असेल तर मेंदूकडून येणारं एफएसएच वाढतं आणि गोट्या लहान होतात. तसं काहीच नाही म्हटल्यावर एका सर्जननी सरळ सांगितलं की कारखाना चालू आहे, नळीत ब्लॉक आहे, ऑपरेशन करून मोकळा करू. त्याच्या आधी एकानं व्हेरिकोसील, म्हणजे गोटीभोवतीच्या फुगलेल्या शिरा, काढायचं सुचवलं होतं, आणि एकानं त्याला कित्येक महिने क्लोमिफेन ही हार्मोन वाढवायची गोळी दिली होती. नवरा-बायको दोघंही ब्लॉकच्या निदानानं खूश होते, कारण ब्लॉक म्हणजे उपाय असलेली गोष्ट.

पण एफएसएच नॉर्मल आणि आकार नॉर्मल असतानाही आतलं उत्पादन मधेच अडकलेलं असू शकतं, ह्याला मॅच्युरेशन अरेस्ट म्हणतात. सुरुवातीच्या पेशी भरपूर असतात म्हणून वृषण भरलेलं दिसतं, मेंदूलाही वाटतं सगळं बरं चाललंय, पण पेशी एका टप्प्यापर्यंत येतात आणि पुढे जातच नाहीत. माणसात एका शुक्राणूला पूर्ण तयार व्हायला साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात आणि त्यातला सगळ्यात नाजूक भाग मायोसिस, जिथे ४६ गुणसूत्रांची २३ होतात. ब्लॉक की अरेस्ट हे रक्ताच्या रिपोर्टवरून पक्कं सांगता येत नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी छोटी बायोप्सी, म्हणजे वृषणाचा बारीक तुकडा काढून तपासणं, करायची ठरवली.

बायोप्सीची तारीख ठरेपर्यंत त्यानं मला एक प्रश्न विचारला, आणि तो मला विदर्भातल्या जवळजवळ प्रत्येक शेतकरी पेशंटनं विचारलाय. "मॅडम, फवारणीनं झालं का हे?" २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्या हंगामात हाही पाठीवर पंप घेऊन फवारत होता, तोंडाला फक्त दुपट्टा. प्रश्न अगदी रास्त आहे. कीटकनाशकानं शुक्राणू संपल्याचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक, १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात ते बनवणाऱ्या कामगारांत हे उघडकीला आलं. पण त्या कामगारांपैकी ज्यांचं जास्त नुकसान झालं त्यांचं एफएसएच चढलेलं होतं, कारण मुळातल्या पेशीच मेल्या होत्या. इथे चित्र तसं नव्हतं. मी त्याला एवढंच म्हटलं की फवारताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट हे पाहिजेच, तो विषय मी सोडणार नाही, पण ह्या रिपोर्टमागे फवारणी दिसत नाही.

बायोप्सीत नळी नळीत तेच दिसलं. सुरुवातीच्या पेशी आहेत, मायोसिसच्या पॅकिटीन नावाच्या टप्प्यापर्यंत येतात, तिथे थांबतात, पुढे शेपटीवाला शुक्राणू कुठेच नाही. ब्लॉक नव्हताच. ते ऑपरेशन झालं असतं तर पैसेही गेले असते आणि वर्षभर वाट बघण्यात तिचं वयही.

मग कारण शोधायला कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजणी, तो ४६ एक्सवाय, म्हणजे पुरुषाचा नॉर्मल. वाय गुणसूत्राच्या एझेडएफ ह्या शुक्राणू बनायला लागणाऱ्या भागातला तुकडा गळालाय का ते पाहिलं, नाही गळालेला. बहुतेक फायली इथे बंद होतात, "कारण अज्ञात" असा शेरा मारून. ही फाईल पुढे गेली ती एका साध्या प्रश्नामुळे, जो मी वंशावळ काढताना विचारते. आई-वडील नात्यातले का? त्याच्या वडिलांनी सख्ख्या मामाची मुलगी केलेली. आपल्याकडे ह्यात कोणाला काही वावगं वाटत नाही आणि मलाही त्या लग्नाला नावं ठेवायची नाहीत, पण जीन्सचा हिशोब असा की सख्ख्या आते-मामे भावंडांच्या मुलाला एखाद्या जीनची आईकडची आणि बापाकडची कॉपी एकाच पूर्वजाकडून आलेली असायची शक्यता १६ मध्ये १. म्हणजे पणजोबाकडं एक बिघडलेली कॉपी असेल, जी कोणालाच कधी त्रास देत नव्हती, ती दोन वाटांनी येऊन ह्याच्यात जोडीनं भेटू शकते. मग सासूबाईंना एकटीला बसवून विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या चुलत घराण्यात एक काका होते, दोन लग्नं केली, दोन्हीकडून मूल नाही. "त्याच्या दोन्ही बायका वांझ निघाल्या," असं त्या म्हणाल्या. घराण्यात कोणाला झालं नाही असं म्हणणाऱ्याही त्याच.

एक्झोम तपासणी केली, म्हणजे रक्तातल्या डीएनएतला प्रोटीन बनवायची माहिती असलेला सगळा भाग वाचून काढायचा. ही स्वस्त नाही आणि प्रत्येकाला सांगावी अशीही नाही, पण इथे बायोप्सी आणि नात्यातलं लग्न दोन्ही एकाच दिशेनं बोट दाखवत होते. रिपोर्टमध्ये पीएनएलडीसी-१ नावाच्या जीनच्या दोन्ही कॉपीत एकच बदल निघाला, असा की प्रोटीन अर्धवटच बनतं. आई आणि वडील दोघांची त्या एका जागेपुरती तपासणी केली, दोघांकडे एक चांगली एक बिघडलेली.

आता हा जीन करतो काय ते मी त्याला जसं सांगितलं तसंच इथे सांगते. आपल्या डीएनएचा जवळपास निम्मा भाग अशा तुकड्यांपासून आलाय जे कधीकाळी स्वतःची नक्कल करून दुसरीकडे जाऊन बसायचे, त्यांना ट्रान्सपोझॉन म्हणतात. बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या बाईंनी ते पहिल्यांदा मक्याच्या दाण्यांच्या रंगावरून ओळखले आणि १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बहुतेक तुकडे आता मेलेले आहेत, पण काही अजून जागे होऊ शकतात. अंगातल्या बाकी पेशींत त्यांच्यावर कुलूप असतं, पण शुक्राणू-अंडं बनवणाऱ्या पेशींत गर्भात असताना डीएनएवरच्या जुन्या खुणा पुसून नव्यानं घालायच्या असतात, तेव्हा कुलूप काही काळ निघतं. पीक उभं आहे आणि रात्री रोही, रानडुकरं शिरायची वेळ, तेव्हा आपण जागलीला जातो, तसं इथे जागलीला कोण असतं तर पायआरएनए. आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवून घेतलेली नक्कल, आणि हे २१ ते ३५ अक्षरांचे छोटे आरएनए, ह्यांच्यापासून प्रोटीन बनत नाही, ते पिवी घराण्यातल्या प्रोटीनला जोडले जातात आणि ट्रान्सपोझॉनच्या आरएनएशी आपली अक्षरं जुळवून त्याला पकडतात, मग प्रोटीन ते कापतं किंवा त्या जागी डीएनएवर परत बंदी बसवतं. सस्तन प्राण्यांत हे २००६ साली उंदराच्या वृषणात सापडले आणि ते जवळजवळ फक्त प्रजनन पेशींतच असतात. मायोसिसच्या वेळी तर त्यांची एक मोठी दुसरी लाट येते, पॅकिटीन पायआरएनए, जी ट्रान्सपोझॉनशिवाय पेशीच्या स्वतःच्या आरएनएवरही नियंत्रण ठेवते.

पायआरएनए तयार होताना आधी लांब निघतो, मग त्याचं एक टोक नेमक्या मापाला छाटावं लागतं. ते छाटायचं काम पीएनएलडीसी-१ करतो. छाटणी झाली नाही तर पायआरएनए लांबच राहतात, टिकत नाहीत, नीट काम करत नाहीत, आणि मायोसिसमध्ये चुका होऊन पेशी तिथेच अडकतात. हे आधी उंदरात दिसलं होतं. २०२१ मध्ये माणसांवरचं काम छापून आलं, शुक्राणू शून्य असलेल्या आणि ब्लॉक नसलेल्या ९२४ पुरुषांचं एक्झोम वाचलं तेव्हा चार जणांत ह्या जीनमध्ये बिघाड मिळाला, आणि त्या चौघांच्या बायोप्सीत मायोसिसच्या चुका आणि अडकलेल्या पेशी होत्या. ९२४ मध्ये चार. म्हणजे हे दुर्मिळच आहे. त्यानंतर ह्या वाटेवरच्या इतर जीन्समध्येही बिघाड असलेले पुरुष सापडलेत.

त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हनजे मी जन्माच्या आधीपासूनच असा. मंग हिले पाच वर्षं काहून भोगाले लावलं सगळ्यायनं?" ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि ती बाजूला बसून पदरानं डोळे पुसत होती.

पुढच्या भेटीत तो मोबाईलवर काहीतरी बघून आला होता. खाण्यानं शुक्राणूतला आरएनए बदलतो, साखर बंद करा, तीन महिन्यांत फरक, असं. चहा बिनसाखरेचा सुरू केलेला आणि खर्राही सोडलेला. खर्रा सोडल्याचं मी मनापासून कौतुक केलं, तोंडाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो आणि तंबाखू शुक्राणूंनाही चांगली नाहीच. पण बाकीच्याबद्दल स्पष्ट बोलणं भाग होतं, कारण खोटी आशा तीन तीन महिन्यांच्या हप्त्यानं आणखी वर्षं खाते.

त्यानं पाहिलं ते पूर्ण खोटंही नाही, म्हणूनच ते जास्त फसवतं. छोटे आरएनए एकाच जातीचे नसतात. पायआरएनए शुक्राणू बनताना लागतात. मायक्रोआरएनए साधारण २२ अक्षरांचे, जे शरीरात सगळीकडे असतात आणि कुठलं प्रोटीन किती बनायचं ते आवरतात, २०२४चं मेडिसिनचं नोबेल ॲम्ब्रोस आणि रुवकुन यांना त्यांच्याच शोधासाठी मिळालं. उंदरात मायक्रोआरएनए-३४ आणि ४४९ ही दोन कुटुंबं एकदम काढून टाकली तर नर वांझ होतो, म्हणजे त्यांचंही काम मोठं आहे. आणि तिसरे म्हणजे ट्रान्सफर आरएनएचे तुकडे, ते तयार झालेल्या शुक्राणूत भरपूर असतात, त्यातले बरेच शुक्राणू वृषणातून बाहेर पडून एपिडिडिमिस नावाच्या नळीतून जाताना त्याच्यात येतात. खाण्यापिण्यानं बदलतात ते मुख्यतः हे. २०१६ मध्ये तेलकट-चरबीचं खाणं दिलेल्या नर उंदरांच्या शुक्राणूतले हे तुकडे काढून साध्या फलित अंड्यात टोचले तर पिल्लांत साखरेचं काम बिघडलेलं दिसलं. २०१९ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंगला १५ निरोगी तरुणांना एक आठवडा चांगलं खाणं आणि पुढचा आठवडा त्याच्यावर रोज साडेतीन लिटर कोल्ड्रिंक किंवा ४५० ग्रॅम मिठाईएवढी साखर दिली, तेव्हा आठवड्याभरात ह्या तुकड्यांचं प्रमाण बदललं, आणि शुक्राणूंची हालचालही बदलली, ती वाढली होती. पंधरा जण, दोन आठवडे. ह्यातून बापाच्या खाण्याचा माणसाच्या मुलावर काय परिणाम होतो हे काही सिद्ध होत नाही.

आणि ह्याच्या केसमध्ये मूळ मुद्दा हा की तो आरएनए बदलायला आधी शुक्राणू लागतो. ह्याचा शुक्राणू त्या नळीपर्यंत पोचतच नाही. ज्याचा काउंट कमी आहे, हालचाल कमी आहे, त्यानं खर्रा, दारू, वजन, झोप ह्यावर तीन महिने मेहनत घ्यावी, त्याला अर्थ आहे. जन्मापासून दोन्ही कॉप्या बिघडलेल्या आहेत त्याला पथ्य सांगणं म्हणजे दोष परत त्याच्याच गळ्यात घालणं, की तू नीट पाळलं नाहीस म्हणून झालं नाही. तिच्यासोबत आधी हेच झालं होतं. वीर्यातल्या मायक्रोआरएनएवरून ब्लॉक आणि अरेस्ट वेगळे ओळखता येतील का ह्यावर संशोधन चालू आहे, ते जमलं तर बायोप्सी टळेल, पण आज त्यावरून कोणी पॅकेज विकत असेल तर घेऊ नका.

एका मोठ्या शहरातल्या सेंटरनं त्याला मायक्रो-टेसे सुचवलं होतं. म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली वृषण उघडून कुठे एखाद्या नळीत शुक्राणू मिळतोय का बघायचं, मिळाला तर इक्सी. ब्लॉक नसलेल्या अझूस्पर्मियात इतर कारणं असतील तर हे साधारण निम्म्या लोकांत जमतं आणि अनेकांना त्यातून मुलं झालीत. पण सगळ्या नळ्यांत एकाच टप्प्यावर अडकलेल्या पेशी आणि वर हा जीन, असं असताना आशा फारच कमी. डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही, आकडे समोर ठेवले, खर्च ठेवला, निर्णय त्यांचा. त्यांनी नको म्हटलं. मला विचाराल तर एक्झोमचा सगळ्यात मोठा उपयोग हाच झाला, इलाज मिळाला नाही पण जमीन गहाण टाकून जे करायला निघाले होते ते थांबलं.

घरात सांगायचा दिवस सगळ्यात कठीण. आधी मी त्याला एकट्याला विचारलं की कोणाला किती सांगायचं, कारण हा रिपोर्ट त्याचा आहे, आईचा नाही आणि माझाही नाही. तो म्हणाला, सगळं सांगा, हिच्यासमोर सांगा. सासूबाई पहिले मानायला तयार नव्हत्या, मग रडल्या, मग "म्हनजे माह्याच रक्तातून आलं का" म्हणाल्या. त्यांना समजावलं की आई-वडील दोघांकडून एक एक आलंय, दोघांनाही माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि हा कोणाचा गुन्हा नाही. त्यांनी सुनेला त्या दिवशी माफी वगैरे मागितली नाही. पुढच्या वेळी मात्र तिच्यासाठी डबा घेऊन त्या स्वतः आल्या होत्या.

मग सासऱ्यांनी एक तोडगा काढला, धाकट्या भावाचं वीर्य वापरू, घरचंच रक्त राहील. हे मी खूप घरांत ऐकलंय. वंध्यत्वाच्या उपचारांसाठीच्या २०२१च्या एआरटी कायद्याप्रमाणे हे चालत नाही, दात्याचं वीर्य नोंदणीकृत बँकेतूनच येतं, दाता २१ ते ५५ वयाचा आणि अनोळखी. आणि ह्या घरात तर आणखी एक गोष्ट होती, धाकट्या भावालाही हाच त्रास असायची शक्यता चारात एक. त्याचं लग्न जमत होतं, आणि मुलगी कोण तर मामाच्या नात्यातलीच. मी त्यांना लग्न मोडा असं सांगितलं नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच सांगितलं की धाकट्यानं स्वतःच्या मर्जीनं साधी वीर्य तपासणी करून घ्यावी, आणि पुढे मूल होताना अडचण आली तर पहिल्याच वर्षी स्वतःचा रिपोर्ट आधी काढावा. जीन तपासायचा की नाही ते त्यानं ठरवावं, मोठ्या भावानं नाही आणि बापानं तर नाहीच.

धाकट्यानं तपासणी केली. काउंट चांगला आला. तो बिघडलेली एक कॉपी वाहत असेल किंवा नसेलही, एका कॉपीनं त्याचं स्वतःचं काही अडत नाही, पण होणाऱ्या बायकोकडेही तीच कॉपी असेल तर त्यांच्या मुलग्यांना पुन्हा चारात एक. हे त्याला आणि त्या मुलीला दोघांना एकत्र बसवून सांगितलं, तिची संमती घेऊन. त्यांनी दोघांचीही त्या एका जागेची तपासणी करायचं ठरवलंय, पूर्ण एक्झोमची गरज नाही, त्यामुळे खर्चही बराच कमी.

आमच्या जोडप्यानं कारा ह्या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेमार्फत दत्तक आणि बँकेतल्या दात्याचं वीर्य, दोन्हींची माहिती घेतली. तिचे सगळे रिपोर्ट चांगले असल्यामुळे दात्याच्या वीर्यानं साधं आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडणं, होऊ शकतं, आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीपर्यंत जायची लगेच गरज नाही. तिला स्वतःला बाळंतपण हवंय, त्याला थोडा वेळ हवाय. दोघांची लेखी संमती लागते आणि जन्मलेलं मूल कायद्यानं ह्या दोघांचंच, हे त्यानं दोनदा विचारून घेतलं. सध्या फाईल त्याच पानावर आहे, कापूस वेचून झाला की येतो म्हणालेत.

जीन रिपोर्टची एक कॉपी त्यांच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीत आणि एक आमच्याकडे. त्यावर बदलाची श्रेणी "बहुधा रोगकारक" अशी आहे. नवीन केसेस छापून आल्या की लॅब अशा श्रेण्या परत तपासतात, म्हणून दोन वर्षांनी लॅबला पत्र लिहायचं अशी नोंद फाईलवर घातली आहे.